दिवाळी ते नाताळ, दोन्हीकडचे आईवडील अमेरिकेत: तारखा, तिकिटं आणि मधले रिकामे दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहणाऱ्या एका ताईंना यंदा, २०२६ मध्ये, दिवाळी ते नाताळ दोन्हीकडच्या आईवडिलांना बोलवायचं आहे. सांगलीचे आईबाबा ६८ आणि ७२ वर्षांचे, नाशिकचे सासूसासरे सत्तरीच्या आसपास. आईबाबा आधी एकदा येऊन गेलेत, त्यांचा व्हिसा आहे; सासूसासऱ्यांचा नाही. दीर न्यू जर्सीत, एडिसनला. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे तिकडच्या कृतज्ञतेच्या सणाला, दहा-बारा मित्रमंडळी जेवायला येणार. त्या विचारतात, तिकिटं कधीची काढू आणि एवढ्या सगळ्यांना अडीच महिने आनंदात कसं ठेवू?

ताई, पुण्यात प्रवासाचं ऑफिस चालवून मला २६ वर्षं झाली. त्यातलं निम्म्याहून अधिक काम मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचं. सणाच्या दिवशी घरात बिनसलं असं या वर्षांत क्वचितच ऐकलं. बिनसतं ते नोव्हेंबरच्या मधल्या एखाद्या मंगळवारी. तुम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, बाहेर राखाडी आभाळ, आणि घरात दोन म्हातारी माणसं घड्याळाकडे बघत बसलेली. सगळे जण दिवाळी, थँक्सगिव्हिंग, नाताळ असे दिवस धरून बेत करतात. ते मोजून सात-आठ दिवस होतात. उरलेल्या साठ दिवसांचा बेत कुणी केलेला नसतो. त्यामुळे माझं उत्तर बरंचसं त्या साठ दिवसांबद्दल आहे.

आधी तारखा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला, नाताळ शुक्रवारी. बहुतेक मुलं आईवडिलांना दिवाळीच्या तीन-चार दिवस आधी आणतात, रजा वाचते म्हणून. तसं करू नका. शिकागो आणि सांगली यांच्या घड्याळात हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक असतो, म्हणजे दिवसाची पुरती रात्र होते. सत्तरीच्या शरीराला ते पचवायला आठ-दहा दिवस लागतात. पहाटे दोनला टक्क जाग, दुपारी तीनला डोळे मिटलेले, पोट बिघडलेलं. अशा अवस्थेत आईंना चकल्या तळायला लावाल तर त्या नाही म्हणणार नाहीत, पण आठवडाभर आजारी पडतील. २४ ऑक्टोबरच्या आसपास पोचतील असं बघा. त्यात आणखी एक फायदा आहे. १ नोव्हेंबरला तुमची घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेचारलाच दिवस मावळायला लागतो. त्याआधीचा आठवडाभर संध्याकाळी उजेड असतो, पानं लाल-पिवळी झालेली असतात, बाबांना रोज फिरायला नेता येतं. घराच्या आजूबाजूचे रस्ते याच आठवड्यात ओळखीचे होतात. एकदा अंधार आणि बर्फ सुरू झाला की नवा रस्ता शिकायची त्यांची हिंमत होत नाही.

आता नाजूक भाग. दोन विहिणी, एक स्वयंपाकघर आणि अडीच महिने. दोघी कितीही प्रेमळ असल्या तरी मी हा बेत कुणाला सुचवत नाही. तिथे आई तुमच्या हक्काच्या आणि सासूबाई मानाच्या, म्हणून दोघींनाही सारखं अवघडल्यासारखं होतं. एक भांडी आवरायला उठली की दुसरीलाही उठावं लागतं. पण दोघींनाही वेगळं काढायची गरज नाही, कारण दीर एडिसनला आहेत. चौघंही दिवाळीला तुमच्याकडे असू देत. भाऊबीज झाली की सासूसासरे एडिसनला जातील. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात दीर, जाऊबाई, मुलं आणि सासूसासरे सगळे तुमच्याकडे येतील. त्यानंतर सासूसासरे दिरांबरोबर परत जाऊन नाताळ तिकडे करतील. आईबाबा १० डिसेंबरच्या आत भारतात परततील. साधारण १५ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिकिटं फार महाग होतात आणि विमानतळांवर पाय ठेवायला जागा नसते. आईबाबांना नाताळची रोषणाई बघायची असेल तर ती नोव्हेंबरअखेरच लागलेली असते. शिकागोत मिशिगन ॲव्हेन्यूवर एक संध्याकाळ न्या.

सासूसासऱ्यांचं तिकीट जाताना मुंबई-शिकागो आणि परतताना न्यूयॉर्क-मुंबई असं एकत्रच काढता येतं. एकाच विमान कंपनीचं असलं तर त्याची किंमत साध्या जाऊन-येऊन तिकिटाच्या जवळपास पडते. पुष्कळांना हे माहीत नसतं, आणि मग परतीच्या वेळी एडिसनहून पुन्हा शिकागोला यायचा उगाच हेलपाटा होतो. देशांतर्गत विमानात मात्र बॅगेचे पैसे बहुधा वेगळे द्यावे लागतात, म्हणून थँक्सगिव्हिंगनंतर एडिसनला परतताना मोठ्या बॅगा दिरांच्या गाडीतून जातील असं जमवा. आणि थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारी किंवा नंतरच्या रविवारी म्हाताऱ्या माणसांना शिकागोच्या ओहेर विमानतळावर अजिबात पाठवू नका. अमेरिकेतल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांत ते मोडतात.

हा सगळा बेत आपापल्या आईवडिलांना ज्याने त्याने सांगायचा. सासूसासऱ्यांना तुमच्या नवऱ्याने, आईबाबांना तुम्ही. "सूनबाईंनी आम्हाला एडिसनला पाठवलं" हे वाक्य एकदा नाशिकला पोचलं की पुढची दहा वर्षं फिरत राहतं.

सासूसासऱ्यांच्या व्हिसाचं काम आजच सुरू करा, कारण मुंबईत भेटीची तारीख मिळायलाच कधीकधी काही महिने जातात. व्हिसा हातात येईपर्यंत परत न करता येणारं तिकीट काढू नका. अर्ज स्वतः भरून देणार असाल तर तो त्यांना फोनवर मराठीत वाचून दाखवा. मुलाखतीत अडखळणारी माणसं खोटं बोलत नसतात. आपल्या अर्जात काय लिहिलंय हेच त्यांना माहीत नसतं. कुणाकडे जाताय, तो काय करतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, इकडे मागे कोण आहे, एवढं त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. मराठीत मुलाखत द्यायची सोय असते, इंग्रजीचा आग्रह धरू नये. सप्टेंबरअखेर व्हिसा आला नाही तर त्यांची दिवाळी नाशिकला आणि येणं उन्हाळ्यात, हे आत्ताच सगळ्यांशी बोलून ठेवा.

आईबाबांच्या बाबतीत दोन गोष्टी तपासा. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल आणि मधल्या काळात नवा पासपोर्ट काढला असेल, तर मुदत असेपर्यंत तो व्हिसा चालतो, पण दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत. दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे बायकांच्या पासपोर्टवर कधी नवऱ्याचं नाव मध्ये असतं, कधी नसतं, कधी आडनावाचा रकानाच रिकामा असतो. तिकिटावरचं नाव पासपोर्टाप्रमाणे अक्षरन् अक्षर हवं. आणि व्हिसा १० वर्षांचा असला तरी राहायची मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो; सहसा ती सहा महिन्यांची असते. पोचल्यावर दोन दिवसांत आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश आणि राहायच्या मुदतीची, नोंद संगणकावर उघडून तारीख बघा आणि छापून फ्रिजवर लावा.

विमानाबद्दल माझं मत पक्कं आहे: सत्तरीपुढच्या माणसांना अमेरिकेत उतरून दुसरं विमान पकडायला लावू नये. अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतराल, तिथे सामान घेऊन, कस्टममधून बाहेर पडून ते पुन्हा द्यावं लागतं. चार बॅगा आणि अनोळखी इंग्रजी यांत तीन तास कसे जातात कळत नाही. तुम्ही शिकागोजवळ आहात हे त्यांचं नशीब. दुबई, दोहा, अबूधाबी इथून शिकागोला सरळ विमानं आहेत, त्यामुळे एकच बदल आणि तोही आखातात. अबूधाबीला आणखी एक सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, त्यामुळे शिकागोला उतरल्यावर ते देशांतर्गत प्रवाशांसारखे सरळ बॅगा घेऊन बाहेर येतात. पण त्यासाठी तिथे किमान तीन-चार तास हातात ठेवा.

बाबा रोज चार किलोमीटर चालत असले तरी व्हीलचेअर सांगून ठेवा. दुबईसारख्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे चालण्याच्या दुप्पट शोधणं. "लोक काय म्हणतील" म्हणून बाबा नको म्हणतील. त्यांना सांगा, ही खुर्ची पायांसाठी नाही, रस्ता माहीत असलेल्या माणसासाठी आहे. मागणी नोंदवताना जिने चढता येतात की नाही हे नीट सांगा. विमानापर्यंत बसने नेऊन जिना चढवायची वेळ येते, आणि गुडघ्यांचं दुखणं असेल तर वेगळी व्यवस्था लागते.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. अमेरिकेत स्वतःपुरती ९० दिवसांची औषधं नेणं साधारणपणे चालतं, सासूसासऱ्यांचे ७० ते ८० दिवसही त्यात बसतात. इन्सुलिन असेल तर खालच्या सामानात कधीच नको, तिथे ते गोठू शकतं. आखातातून जाताना ट्रामाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर कडक नियम आहेत. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्या दिल्या असतील तर पर्याय विचारून घ्या.

फराळाच्या डब्यांबद्दल मी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दिवसातून दहादा सांगते, तेच सांगते. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळी खुशाल न्यावी, फक्त विचारल्यावर "खायचे पदार्थ आहेत" असं सांगायचं. न सांगता सापडलं तर दंड, सांगून सापडलं तर फार तर पदार्थ काढून घेतात. अनारशांवर मात्र खसखस असते, आणि अमिरातीत खसखस हा अमली पदार्थ समजतात. दुबई किंवा अबूधाबीवरून जाणाऱ्या आईंनी अनारशाचं पीठ नेपरव्हिलला भिजवावं आणि खसखस तिथल्याच दुकानातून घ्यावी. खोबऱ्याच्या वाट्या आणि कापूर सामानात चालत नाहीत, दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तू धरतात. कढीपत्ता, लिंबं, कुठलीही ताजी भाजी-फळं, तांदूळ आणि कच्चे हरभरे अमेरिकेत नेता येत नाहीत. धान्यातल्या एका भुंगेऱ्याच्या भीतीने तांदळावर बंदी आहे. आईंना हे सांगताना त्यांना वाईट वाटतं, कारण त्यांना आंबेमोहोर आणायचाच असतो. त्यांना शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत न्यायचं कबूल करा. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली तिथेच निघालं, आणि आज तिथे न मिळणारी वस्तू शोधावी लागते. बॅगेतली ती जागा पणत्या, कंदील आणि नातवंडांच्या कपड्यांना मिळू दे.

विम्यात पैसे वाचवू नका. हे मी विक्रीसाठी सांगत नाहीये, तुम्ही कुठूनही घ्या. पण "ठरावीक रक्कम" देणारी स्वस्त पॉलिसी आणि "सर्वसमावेशक" पॉलिसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत प्रत्येक उपचाराला एक आकडा ठरलेला असतो. अमेरिकेतल्या रुग्णालयाचं बिल त्याच्या कितीतरी पटींनी असतं आणि उरलेलं तुमच्या अंगावर येतं. दुसरीही पूर्ण वाचा. आधीपासूनच्या आजारांवर सहसा नेहमीचे उपचार मिळत नाहीत, अचानक उद्भवलेल्या त्रासापुरतं संरक्षण असतं, आणि अनेक पॉलिसींत सत्तरीनंतर तेही आक्रसतं. बाबा ७२ चे आहेत, म्हणून त्यांची आणि आईंची पॉलिसी वेगवेगळी बघा. माझ्याकडच्या एका आजोबांचा डिसेंबरात घराच्या पायरीवरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर पाय घसरला आणि खुबा मोडला. आयुष्यभर कमावलेलं त्या बिलात गेलं नाही, ते पॉलिसी नीट निवडलेली होती म्हणून. त्यामुळे विम्याइतकेच खाली पक्की पकड असलेले बूट घ्या, तेही तिकडे पोचल्यावर, पायात घालून बघून.

निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना आहे, आणि नेमके तेव्हाच ते बाहेर असणार. दर वर्षी कुणीतरी हे विसरतं आणि डिसेंबरात पेन्शन थांबतं. निघण्याआधी बँकेत किंवा कोषागारात विचारा. जीवन प्रमाण या सरकारी डिजिटल दाखल्याचं चेहरा ओळखून काम करणारं ॲप फोनवर घालून इथेच एकदा सराव करून घ्या. शिकागोतल्या भारतीय वकिलातीतूनही हयातीचा दाखला मिळतो. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असेल तर तो दाखला वर्षभरात कधीही देता येतो आणि १२ महिने चालतो. ऑक्टोबरात देऊन मोकळे व्हा. बँकेचे ओटीपी यावेत म्हणून भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा.

आता ते साठ दिवस. पहिल्या आठवड्यात एक दिवस रजा घ्या आणि घर शिकवा. शेगडी, थर्मोस्टॅट, गॅरेजचं दार, आणि फोडणी दिल्यावर ओरडणारा धुराचा अलार्म. त्या अलार्मला घाबरून कित्येक आयांनी मुलीच्या घरी फोडणी देणंच सोडलेलं मी ऐकलंय, आणि फोडणीशिवाय जेवणाऱ्या बाईला दिवस खायला उठतो. पंखा कुठला लावायचा, अलार्म कसा थांबवायचा, एकदा करून दाखवा. प्रत्येकाच्या खिशात पत्ता, तुमचे दोघांचे नंबर आणि विम्याचं कार्ड. तातडीच्या मदतीचा ९११ कधी लावायचा हेही.

मग आठवड्याला एक आकार द्या. मंगळवारी वाचनालय, गुरुवारी एखाद्या मराठी घरी दुपारचा चहा, शनिवारी बाहेर. नेपरव्हिलहून शिकागोच्या युनियन स्टेशनला मेट्रा या लोकल रेल्वेची गाडी सरळ जाते. पहिल्यांदा तुम्ही बरोबर जा, मग बाबांना एकट्याने जाऊ द्या. रेल्वेने एकटा जाऊन आलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याची चाल बदललेली असते. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून चालू आहे. त्यांच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला नुसतं प्रेक्षक म्हणून नेऊ नका. आई गात असतील, बाबा पेटी वाजवत असतील, निदान रांगोळी काढता येत असेल, तर आधी कळवून त्यांना काम मिळवून द्या. पाहुणा म्हणून दोन महिने राहणं फार दमवतं. कुणालातरी आपला उपयोग आहे म्हटलं की माणूस रुळतो.

दिवाळीत सांगली आणि नेपरव्हिल जोडायची वेळ गणिताने छान जमते. सांगलीत नातेवाइकांकडे ८ नोव्हेंबरला पहाटे पाचला अभ्यंगस्नान सुरू होईल तेव्हा तुमच्याकडे ७ तारखेचे संध्याकाळचे साडेपाच असतील. तिथे लक्ष्मीपूजन संध्याकाळी साडेसहाला मांडतील तेव्हा तुमच्याकडे रविवारी सकाळचे सात. आईंना त्या वेळी फोन लावून द्या आणि तासभर तसाच राहू द्या, कुणी बोललं नाही तरी चालेल. पहिल्यांदाच सणाला आपलं घर बंद ठेवून आलेल्या बाईला तो तास हवा असतो. घरापुढे कुणी पणती लावली का, हे ती विचारणारच. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

थँक्सगिव्हिंगचं जेवण दुपारी तीन-चारला असतं हे चौघांना सांगून ठेवा, नाहीतर बाबा बाराला पानाची वाट बघतील. सासूसासरे शुद्ध शाकाहारी असतील तर टर्की तुमच्या ओव्हनमध्ये करू नका. पाच तास घरभर वास राहतो आणि सासूबाई एक शब्द न बोलता वरच्या खोलीत बसून राहतात. मित्रमंडळींपैकी कुणाच्यातरी घरी ती होऊ द्या आणि तयार येऊ द्या, टेबलाच्या एका टोकाला, वाढायच्या वेगळ्या चमच्यांसह. आणि दोन्ही विहिणींना एकेक पदार्थ त्यांच्या नावाने द्या. क्रॅनबेरीचं लोणचं तिकडच्या मराठी घरांत आता रुळलंय, आवळ्याच्या लोणच्याची सवय असलेला हात ते झकास घालतो. सासूबाईंकडे पुरणपोळी. त्या दिवशी प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायची रीत असते. आईबाबांना मराठीत बोलू द्या आणि नातवंडांना इंग्रजीत सांगायला लावा. मित्रांना ते समजतं, आणि मुलं आजोबांचं वाक्य नीट ऐकतात, कारण ते त्यांना पुढे सांगायचं असतं.

परतीच्या आदल्या दोन दिवसांत कुणाला जेवायला बोलावू नका. बॅगा २३ किलोच्या आत वजन करून आदल्या सकाळीच बंद करा आणि उरलेला दिवस मोकळा राहू द्या.

आज रात्री नऊच्या सुमारास सांगलीला फोन लावलात तर तिथे सकाळ असेल, बाबांचा चहा झालेला असेल. कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढायला सांगा, जुने आणि नवे, आणि नाव व मुदत मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही लिहून घ्या. मग नवऱ्याला नाशिकला फोन लावायला सांगा.